तांबड्या पाण्यातलं सोनं

आमच्या घरी हात धुतलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं की आण्णा चिडायचे. हात बादलीत धुवायचे, बादली कोपऱ्यात ठेवायची, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं पाणी अलगद काढायचं आणि गाळ डब्यात भरायचा. आता घरात सोनं म्हणाल तर आईच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि कानातली फुलं. पण हात गलाईवाल्याचा पडला ना! सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी आटवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि चोख करून परत द्यायचं, हा गलाईचा धंदा. त्या धंद्यात नखातली धूळसुद्धा फुकट घालवत नाहीत. दुकानातला केर साठवतात, बसायचं पोतं फाटलं तर जाळून त्याची राख धुतात. हे सगळं आण्णांनी गावी आल्यावरही सोडलं नाही. आई करवादायची, "आवं, हितं शेणामातीचा केर हाय. ह्यात कुटलं आलंय सोनं?" आण्णा शांतपणे म्हणायचे, "बघितल्याबिगर कसं सांगतीस?"

आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. आईनं डबा फेकलेला नाही, आणि मीही तिला फेक म्हणत नाही.

आमचं गाव वडूजपासून जवळ, खटाव तालुक्यात. पावसानं मनावर घेतलं तर ज्वारी, नाहीतर नुसतं ऊन. इकडची आणि खाली विटा-खानापूरकडची माणसं म्हणूनच गलाईत गेली आणि देशभर पांगली. आण्णा मिसरूड फुटायच्या आत तमिळ मुलखात गेले. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर, मग स्वतःच्या. आई आणि मी गावी. मला आण्णा म्हणजे वर्षातून एकदा जत्रेला येणारा, तेजाबाच्या वासाचा, गोड बोलणारा पाहुणा. माझ्यासाठी फ्रॉक आणायचे तो दरवेळी लहान व्हायचा. मी वाढतेय हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही. तेजाब म्हणजे ते ॲसिड, ज्यात चांदी विरघळवतात. त्याचा धूर त्यांच्या छातीत गेला तो कायमचा. पुढं पुढं त्यांना उंबरा ओलांडतानासुद्धा धाप लागायची.

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. पीएचडी केली ती सोन्यावर. लोकांना ते फार गोड वाटतं. "बापाचाच वारसा चालवलात हो!" डोंबलाचा वारसा. विषय गाईडनी दिला आणि मी निमूट घेतला. मनात कुठं आण्णा असतीलही, पण ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

काम असं. कॉम्प्युटरवर सोन्याचे मोजके अणू घ्यायचे, अशा पुंजक्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. ते एकमेकांशेजारी कसे बसले की स्थिर राहतात ते शोधायचं. आणि तसे बसले की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांना कुठं कुठं जागा मिळते ते काढायचं. हातातल्या बांगडीत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, जत्रेतल्या गर्दीसारखे कुठूनही कुठंही जातात. ऊर्जेच्या पायऱ्या तिथं इतक्या दाट असतात की पायऱ्या वाटतच नाहीत, सलग उतार वाटतो. म्हणून सोन्यातून वीज सुखानं वाहते आणि म्हणूनच ते तसं चकाकतं. पण तेच सोनं लहान करत जा. अगदी लहान, काही डझन अणूंपर्यंत. मग पायऱ्या सुट्या दिसायला लागतात. मधे एक फट पडते आणि इलेक्ट्रॉनाला ती सहजासहजी ओलांडता येत नाही. तिथं सोनं धातूसारखं वागायचं सोडून देतं. आणि हे नुसत्या संख्येवरही भागत नाही. अणू तेवढेच असले तरी ते सपाट पसरले तर फट एक, ढीग रचून बसले तर दुसरीच. एखादा अणू इकडचा तिकडं सरकला की सगळ्या पायऱ्या हलतात.

आण्णांनी एकदा फोनवर विचारलं होतं, तेव्हा ते अजून तिकडंच होते, "आटवतीस किती दिवसाला?"

"आटवत नाही आण्णा. कॉम्प्युटरवर मांडते नुसतं."

"म्हंजे जेवणाचं चित्र काडायचं आन् ढेकर द्यायची," म्हणाले आणि खोकेस्तोवर हसले. मला राग आला. पण खरं सांगायचं तर आमच्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांबलेलं बोलणं होतं. आमच्यात बोलायला विषयच नव्हता. शाळा आईनं बघितली, लग्न मामानं जमवलं. सोनं तेवढं दोघांच्या ओळखीचं, तेही त्यांचं वेगळं आणि माझं वेगळं.

मग छातीनं साथ सोडली तेव्हा भट्टी भाच्याच्या हवाली करून ते गावी आले. मी खूश झाले. म्हटलं, आता तरी बाप मिळेल. दर शनिवारी जाईन, मांडी ठोकून बसेन, जन्माची बाकी राहिलेली बडबड करून घेईन. कसलं काय! आले आणि थोड्याच दिवसांत एकेक विसरायला लागले. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसायचे, भट्टी पेटवायला उशीर होतोय म्हणून. आईशी तमिळमधून बोलायचे. तिला एक शब्द कळायचा नाही, तरी ती "व्हय, व्हय" करायची. एकदा तिला घरमालकीण समजून भाडं पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले. आई त्या दिवशी हसली, आणि मग चुलीपुढं बसून खूप वेळ रडली.

साताऱ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि मेंदू आकसत चालला आहे म्हणाले. औषधानं थांबत नाही, फार तर चाल मंदावते. मी मास्तरीण, मला गप्प कुठं बसवतंय? म्हटलं, नक्की कुठला भाग? जणू कळलं असतं तर मी तो दुरुस्तच करणार होते.

कॉलेजात ही बातमी पसरली तेव्हा स्टाफरूममध्ये एकजण मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "तुमच्या विषयासारखंच की मॅडम. अणू तेच, फक्त रचना बदलली." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! हातातला जेवणाचा डबा तसाच बंद केला. म्हटलं, सर, बाप आहे माझा, क्लस्टर नाही. बिचारे नंतर महिनाभर मला टाळत होते. त्यांची चूक एवढीच होती की मला स्वतःला जे रात्रंदिवस सुचत होतं आणि जे मी मनात येऊ देत नव्हते, ते त्यांनी तोंडानं बोलून दाखवलं.

मला त्या काळात एकच हवं होतं. बरं होणं वगैरे नाही, तेवढं मला कळत होतं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडाकडं बघून "आलीस व्हय गं पोरी" म्हणावं. मी त्यांची लेक आहे हे त्यांना ठाऊक आहे असं मला एकदा दिसावं. बस्स. त्यासाठी मी दर शनिवारी कॉलेज सुटलं की तासगाव, विटा, मायणी करत यष्टीनं वडूजला जात होते. दारात पाऊल टाकलं की आई मोठ्यानं सांगायची, "आवं, बघा की कोण आलंय. सांगलीची लेक आलीया." आण्णा बघायचे. अदबीनं मान हलवायचे. "या, बसा," म्हणायचे. सुरवातीला मी म्हणायचे, "आण्णा, मी! तुमची लेक!" मग ते घाबरून जायचे. भर बाजारात कुणी खोटी नोट हातात दिल्यावर माणसाचं होतं तसं तोंड व्हायचं. पुढं पुढं मी ते म्हणायचंच सोडलं.

पण एक गोष्ट ध्यानात आली. सोन्याचं नाव काढलं की ते येतात. कुठं हरवलेले असोत, सोनं म्हटलं की डोळे वळतात. मग मी तोच धागा धरला. आपलं नातं नाही ना आठवत, राहू दे. गलाईवाल्याशी गलाईचं बोलावं.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी आईनं तिळाचे लाडू पुढं ठेवले होते. लहान, टणक, आमच्याकडं करतात तसे. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ताटात रचायला बसले. खाली दहांचा त्रिकोण, त्यावर सहा, त्यावर तीन, टोकाला एक. आण्णा बघत होते.

"काय हाय हे?"

"सोन्याचे वीस अणू, आण्णा. सोनं फोडत फोडत गेलं की शेवटी जे उरतं त्याचे वीस कण. वीसच असले की ते असे बसतात. चारी बाजूंनी सारखे. फार घट्ट. ह्यांच्यातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं बसलेले असतात, कुणी मोकळा नाही. वरच्या पायरीला जायला मोठी फट. म्हणून ह्यांना कुणी सहजी हलवू शकत नाही."

आता हे त्यांना कितपत कळलं असेल? पण ते सरसावून बसले. ताटाभोवती मान फिरवून त्यांनी चारी बाजू नीट बघितल्या. मग हात पुढं केला, टोकाचा लाडू उचलला आणि तोंडात टाकला.

"आता?" म्हणाले.

मला हसूच फुटलं. आई म्हणाली, "खादाड मेले."

"आता एकोणीस राहिले," मी म्हटलं. "आता एक इलेक्ट्रॉन एकटा पडला. त्याला जोडीदार नाही. आता हे पहिल्यासारखे वागणार नाहीत."

आण्णा लाडू चघळत खालच्या एकोणिसांकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "एक काडला तर बाकीच्यास्नी कळतं व्हय?"

इतकी वर्षं शिकवतेय, एकाही पोरानं मला हा प्रश्न असा विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी मला असं भरून आलं नसतं. "कळतं आण्णा," मी म्हटलं. "सगळ्यांना कळतं. पार तळातल्या कोपऱ्यातल्यालासुद्धा. सगळेच जरा जरा सरकतात."

"मग लय वंगाळ," ते म्हणाले, आणि दुसरा लाडू उचलला.

त्या दिवशी ते खूप बोलले. माझ्याशी म्हणजे कुणाशी, ते विचारू नका. दुकानावर नव्यानं शिकायला आलेल्या कुणा माणसाशी बोलावं तसे. चांदी विरघळलेल्या पाण्यात मीठ टाकलं की ती दह्यासारखी फुटून खाली कशी बसते, सोनं आटवायची मूस तापली की तिचा रंग कसा ओळखायचा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पर सोन्याला काय हुत न्हाई बगा. जाळा, ठोका, तेजाबात टाका. सोनं म्हंजे सोनं. बारीक झालं म्हून बदललं, असं न्हाई." मी वाद घातला, घालणारच. म्हटलं, बारीक झालं की बदलतं. रंगसुद्धा बदलतो, तांबडं होतं. आण्णा हसले. "दावा की मग."

आता झाली का पंचाईत! माझं सोनं सगळं कॉम्प्युटरात. मग केमिस्ट्रीतल्या एका मैत्रिणीच्या पाठी लागले. ती पाण्यात सोन्याचे कण बनवते. माझ्या वीस अणूंपेक्षा खूप मोठे, एकेका कणात हजारो अणू, पण तरी डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांचं पाणी लालभडक दिसतं, कारण एवढ्याशा कणात कोंडलेले इलेक्ट्रॉन उजेड पडला की सगळे मिळून हेलकावे खातात आणि त्यात उजेडातला हिरवा भाग खाऊन टाकतात. मैत्रीण कुरकुरली, हा घाणा नेमका चांगला जमलाय, मोजमापं व्हायची आहेत म्हणाली. मी म्हटलं, अगं, दोन दिवसांचा प्रश्न, सोमवारी सकाळी तुझ्या टेबलावर. तिनं एक भरलेली बाटली दिली. मी ती ओढणीत गुंडाळून मांडीवर धरून नेली. मायणीला कंडक्टर म्हणाला, "मॅडम, रसना हाय का?"

आण्णांनी बाटली दारातल्या उन्हात धरली. फिरवली. बूच काढून वास घेतला. एक थेंब अंगठ्यावर घेऊन बोटांनी चोळला, आणि माझ्याकडं बघितलं ते कसं सांगू, फार कीव करून.

"कुणी दिलं हे तुमाला?"

"सोनं आहे आण्णा ते. खरंच."

"कुक्कू कालिवलंय पाण्यात," म्हणाले. मग जरा घुटमळले. परत उन्हात धरली. "न्हाई, कुक्कू खाली बसतं. हे बसंना." त्यांचा चेहरा गोंधळला. संध्याकाळभर ते बाटली घेऊन बसले होते, जेवायलासुद्धा खाली ठेवेनात. मला बरं वाटत होतं. मी आईला म्हटलं, बघ, किती दिवसांनी कशात तरी जीव रमलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या चष्म्याची काडी मोडली म्हणून आम्ही दोघी वडूजला गेलो. शेजारची काकू लक्ष ठेवते म्हणाली. दुकानदारानं बसवून घेतलं, मग आईनं किराणा घेतला, आणि आम्ही परत आलो तेव्हा ऊन चांगलंच वर चढलं होतं. अंगणात आलो तोच जळकट वास. काकू दारातून ओरडली, "न्हाई ऐकत बाई माजं, तुमीच बघा!"

आण्णा मागच्या पडवीत चुलीपाशी बसले होते. तोंड घामानं निथळत होतं, ओठ निळसर पडले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पुढ्यात देवघरातली समई, पेटवलेली. चुलीतला एक कोळसा, त्याला चाकूनं खळगा केलेला. शेजारी टाकणखाराची पुडी, माझ्या पोरांचं तोंड आलं की लावायला आई ठेवते ती. हातात त्यांची वाकडी पितळी नळी, तोंडानं फुंकून दिव्याची ज्योत हव्या त्या ठिकाणी नेतात ती. आम्ही हत्यारं सगळी कुलपात घातली होती, ही कुठून निघाली देव जाणे. आणि माझी बाटली रिकामी, पालथी.

काय झालं ते मला एका नजरेत कळलं. मिठाची बरणी उघडी पडली होती. आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं होतं. पाण्यात काही विरघळलंय आणि खाली बसत नाही, तर टाका मीठ. मीठ पडलं आणि माझे ते सुटे सुटे तरंगणारे कण एकमेकांवर कोसळले. लाल पाणी निळं झालं असेल, मग काळा गाळ. वरचं पाणी त्यांनी अलगद काढलं असेल, गाळ धुतला असेल, वाळवला असेल, लवकर वितळावा म्हणून टाकणखारात कालवून कोळशावर ठेवला असेल आणि फुंकलं असेल. उंबरा ओलांडताना धापणारा माणूस, त्यानं सोनं वितळेपर्यंत फुंकलं.

कोळशाच्या खळग्यात खसखशीहून जरा मोठा एक गोल दाणा होता. पिवळाधमक.

एकही अणू कुठं गेला नव्हता म्हणा ना. मैत्रिणीनं जेवढं सोनं त्या पाण्यात घातलं होतं तेवढंच इथं होतं. पण तांबडं काही उरलं नव्हतं. कोंडलेले इलेक्ट्रॉन परत गर्दीत मिसळले होते, पायऱ्यांचा परत उतार झाला होता. जे मी त्यांना दाखवायला आणलं होतं ते आता जगात नव्हतं. माझा तोल गेला.

"आण्णा! अहो काय करून ठेवलंत हे?"

ते दचकले. माझ्याकडं बघितलं, आणि भिंतीला हात टेकून उठायची धडपड करायला लागले. दारी आलेल्या परक्या बाईसमोर उठावं तसं. "या बाई," म्हणाले. "बसा. पानी द्या गं ह्यास्नी."

मी बसले. आईनं समई विझवली आणि पदरानं पुसली.

आण्णांना बोलायला दम पुरत नव्हता. तरी चिमट्यानं त्यांनी तो दाणा उचलला, पेपराच्या तुकड्यावर ठेवला, सराफाच्या दुकानात घालतात तशा घड्या घातल्या. घड्या अशा काही नीट, की काय सांगू.

"तुमी सांगलीच्या न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माजी लेक हाय तितं. कालिजात शिकिवती." थांबले, श्वास घेतला. "सोन्याचंच शिकिवती."

आई दाराच्या चौकटीला टेकली आणि तिनं पदर तोंडात धरला.

"कुणीतरी फसिवलं बगा पोरीला. तांबडं पानी दिलं, सोनं म्हून. हुतं, सोनं हुतं त्यात, पर लय मळल्यालं. पोरगी साधी हाय. शिकली पर साधी हाय." त्यांनी पुडी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं आपल्या हातानं एकेक करून मिटवली. "मी काडलं समदं. कण सोडला न्हाई. आता चोख हाय. माज्यानं सांगलीपत्तूर जानं हुयाचं न्हाई, तुमी तिला द्या एवढं."

इतक्या शनिवारांत मी जे म्हणायचं सोडलं होतं ते ओठांवर आलं. आण्णा, मीच ती. पण त्यांचं तोंड इतकं निवांत होतं. ते घाबरलेलं तोंड मला परत बघायचं नव्हतं. माझं ते ‘मीच’ मी गिळून टाकलं.

"आणखी काय सांगू तिला?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीला पाठ टेकून दम घेतला.

"म्हनावं, जत्रंला आलो की माघारी जाताना तू यष्टीमागं पळायचीस. पार पुलापत्तूर. फराक धरून, अनवानी. मी मागं बगायचो न्हाई. लोक म्हनायचे, बापाला काळीज न्हाई." त्यांनी छातीवर हात ठेवला. "बगितलं असतं तर उतारलो असतो बाई. मग भट्टीवर कोन जानार?"

मला हे आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी आईकडं बघितलं, तर ती डोळे मिटून मान हलवत होती, व्हय, व्हय म्हणून. मी पळायचे. पुलापर्यंत. मी विसरले होते, आणि सगळं विसरलेल्या माणसानं तेवढं धरून ठेवलं होतं.

"रागावली आसंल ती," आण्णा म्हणाले. "रागावू द्या. पर सांगाल न्हवं?"

"सांगते," मी म्हटलं. "तिला कळेल, आण्णा."